उलटी सीट

दाराची कड पुन्हा खाली आली होती. भारतला पहिल्यांदा दिसलं ते एवढंच. बाकीची गाडी मागाहून दिसली. हिरवा रंग, तारांची उंच चाकं, बॉनेटवर आडवी पाडलेली पुढची काच, नाकावरचा आठ कोनांचा बिल्ला, हे सगळं एकेक करत, कुणीतरी आत्ता आणून बसवतंय तसं. आधी फक्त ती कड. पुढून सरळ येते आणि सीटजवळ एकदम खोल उतरते. का उतरते, तर तिथं कोपर ठेवता यावं म्हणून. दुसरं काही कारण नाही. सत्तावन्न वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या कुणी माणसानं कागदावर ती रेघ ओढली तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर एक कोपर असणार. त्या कोपराच्या जागेवर भारतनं १९९३ च्या उन्हाळ्यात नऊ इंच पत्रा चढवला होता, जोड घासून गुळगुळीत केला होता, वर काळा रंग मारला होता. आता पत्रा नव्हता. कोपरही नव्हतं. तो लॉनच्या मधोमध तसाच उभा राहिला आणि मागून आलेलं एक कुटुंब त्याला वळसा घालून पुढं गेलं.

नाशिकच्या गंगापूर रोडवरचं हे लॉन एरवी लग्नांचं. नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडतात त्या स्टेजवर गाडी चढवली होती. मागच्या पडद्यावर गणपतीखाली कापडी फलक, जुन्या मोटारींचे प्रदर्शन, शनिवार-रविवार. खाली हिरवळीवर आणखी नऊ-दहा गाड्या होत्या, पण गर्दी स्टेजकडे. शुक्रवारच्या पेपरात हिचाच फोटो होता. फोटोत रंग नव्हता, पण नंबर वाचता येत होता. एमजी टीसी, १९४९, मूळ रूपात. मूळ रूपात हे शब्द भारतनं जेलरोडवरच्या खोलीत चहा गार होईपर्यंत वाचले होते. शनिवारी त्याची ड्यूटी होती. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरची एक नळी गळत होती आणि तो दिवसभर पालथा पडून तिला जोड देत होता. म्हणून तो आज आला. रविवारी. हे पुढं लागेल. आत्ता नको.

आत्ता टेबल. स्टेजच्या पायथ्याशी, जिथं लग्नात आहेर घेणारे दोघं बसतात, तिथं साटिनची झालर लावलेलं लांब टेबल होतं आणि त्याच्यावर पांढऱ्या चादरीवर त्यानं केलेलं सगळं मांडून ठेवलं होतं. दोन्ही दारांवरचे दोन पत्रे. पत्र्याचं टप, दोन तुकड्यांत कापलेलं. स्टेपनी बाजूला धरून ठेवणारा लोखंडी हात. आणि सीट. वरच्या पाटीवर ठळक अक्षरांत 'मूळ गाडीवरून काढलेले भाग'. शेजारी फ्रेममध्ये काळ्या गाडीचा फोटो, तिच्या चाकांतून गवत उगवलेलं, आणि खाली एकच शब्द, 'आधी'. प्रत्येक भागासमोर एक कार्ड. सीटसमोरच्या कार्डावर लिहिलं होतं, 'मागे तोंड असलेली सीट. बहुधा लग्नाच्या वरातीत व्हिडिओ शूटिंग करणाऱ्यासाठी.'

त्यानं ते तीनदा वाचलं. रेक्झिन तेच होतं, तपकिरी, उजव्या कोपऱ्यात टाके उसवलेले. बहुधा.

"टू-सीटरची थ्री-सीटर! काय डोकं लावलंय रे."

"कसाई असणार कुणीतरी."

"छे रे, कसाई निदान सांधा बघून कापतो."

कॉलेजातली दोन पोरं होती, हसत पुढं गेली. त्यांच्या मागं ब्लेझर घातलेले एक म्हातारे गृहस्थ, ते देवळाली कॅम्पातले असावेत असं उगीच वाटलं, काठीनं टपाकडे बोट दाखवत कुणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, "पाप आहे हे. देवळाच्या शिखरावर पत्र्याची शेड टाकाल का? नाही ना? मग?" एका बाईंनी नवऱ्याला विचारलं, "पण ऊन लागत असेल ना हो, उघड्या गाडीत?" नवरा म्हणाला, "ऊन लागतं त्यानं ॲम्बेसेडर घ्यावी." बाई हसल्या नाहीत. टपाच्या पत्र्याला त्यांनी हळूच हात लावला आणि हात पदराला पुसला. भारतला सगळ्यांचं पटत होतं, आणि अडचण नेमकी तिथं होती. कुणी चुकीचं बोललं असतं तर राग आला असता आणि रागानं तोंड उघडलं असतं. पण स्टेजवरची गाडी सुंदर होती. आणि ती सुंदर होती कारण त्याचं सगळं काम तिच्यावरून उतरवून खाली टेबलावर ठेवलं होतं. फक्त त्या कार्डावरचं एक वाक्य खोटं होतं. तेवढं एक वाक्य बदलायला हवं होतं. पण ते कुणाला सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं की कसाई मी.

कॅम्पातल्या एका रिटायर्ड कर्नलचा बंगला विकला गेला तेव्हा, १९९१ च्या नोव्हेंबरात, तो तिथं फाटकाला वेल्डिंग करायला गेला होता. मागच्या आंब्याखाली ताडपत्री, ताडपत्रीखाली ही. नव्या मालकाला जागा मोकळी हवी होती. फाटकाची मजुरी सोडली आणि वर थोडं दिलं, एवढ्यात ती एकलहरे कॉलनीत आली, टेम्पोच्या मागं दोरखंडानं ओढत. इंजिन फिरायला दीड महिना लागला. आणि मग डिसेंबरातली ती सकाळ. प्रतिभा शाळेत निघाली होती, हातात पेपर तपासायचे गठ्ठे, आणि तो म्हणाला, चल सोडतो. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि त्या विषयावर बोलणं दोघांनीही कधीतरी न ठरवता बंद केलं होतं. शाळा दीड किलोमीटरवर होती. ती शाळेपाशी उतरली नाही. "पुढं घ्या ना जरा," म्हणाली. पुढं म्हणजे किती, तर सिन्नर फाटा गेला, मोहदरीचा घाट आला. घाटाच्या खाली त्यानं गाडी थांबवून पुढची काच बॉनेटवर आडवी पाडली, ती तशी पडते हे त्यालाही आदल्या दिवशीच कळलं होतं, आणि त्यानंतर समोर काहीच राहिलं नाही. वारा थेट तोंडावर. प्रतिभानं एका हातानं चष्मा धरला. दुसरा हात दारावर. कोपर त्या खोलगट जागेत बसलं होतं, हाताच्या दोन काचेच्या बांगड्या पत्र्यावर किणकिणत होत्या, आणि ती तोंड उघडून हसत होती. एक चिलट तिच्या तोंडात गेलं. ती खोकली, थुंकली, पुन्हा हसली. पेपरांचा एक गठ्ठा सुटला आणि चौथीच्या मुलांची भूमितीची उत्तरं घाटभर उडाली. त्या दिवशी तिनं आयुष्यातली पहिली बिनपगारी रजा घेतली. नंतर तिनं तेवीस मुलांना पैकीच्या पैकी मार्क दिले. बाई मोठ्या मनाच्या झाल्या म्हणून शाळेत चर्चा झाली.

ते कोपर. तो गर्दीतून स्टेजच्या अगदी जवळ गेला. कड नुसती कापून खाली आणलेली नव्हती. मूळ पत्रा शाबूत होता, त्याचा जोड बरोबर सुटा केला होता, घासला होता. नीट केलं होतं कुणीतरी. त्याला बरं वाटलं आणि बरं वाटलं म्हणून

आई. आई १९९३ मध्ये आली. वडील गेले, मखमलाबादच्या मळ्याची भावांत वाटणी झाली आणि कुसाबाई एक ट्रंक, एक विळा आणि दोन वेताच्या पाट्या घेऊन क्वार्टरमध्ये राहायला आली. जन्मभर तिनं कोथिंबीर, मेथी आणि गुलाबाची फुलं पंचवटीच्या बाजारात नेऊन विकली होती, टांग्यातून. टांग्याच्या मागच्या बाजूला, घोड्याकडे पाठ करून, पाय खाली सोडून, पाट्या पायांशी. पाट्यांवर डोळा ठेवायचा तर तसंच बसावं लागतं. चाळीस वर्षं. गाडीत ती पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसली आणि कॉलनीच्या फाटकापर्यंतही पोचली नाही. दारावरून वाकून ओकली. पुन्हा एकदा प्रयत्न केला, पुन्हा तेच. "मला नाय जमायचं रे भारत, पुढं बघून. समदं अंगावर येतंया. पोटात ढवळतं." एसटीतसुद्धा ती मागच्या दाराशी उभी राहून मागच्या काचेतून बघत जायची, हे त्याला चाळिशीत कळलं. मुलगा म्हणून त्याला हे आधीच माहीत असायला हवं होतं, असं त्याला तेव्हा वाटलं. आता वाटतं की

नाही. आधी दार. क्रमानं.

आधी दार झालं, कारण ती म्हणाली, "सुनेचा पदर भाईर उडतो. चाकाला निस्त्या तारा हायेत. पदर गुतला म्हंजे? मान तोडून नेईल." आणि ते खरं होतं. त्यानं त्याच रविवारी पत्रा कापला. या गाडीच्या पत्र्याआड लाकडाची चौकट असते, जोडाची आच लाकडाला लागली की लाकूड आतून कोळसा होतं आणि वर्षभरानं दार हातात येतं. म्हणून ओल्या गोणपाटाच्या चिंध्या पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये कोंबत, दोन बोटं जोड द्यायचा, थांबायचं, चिंधी बदलायची, पुन्हा दोन बोटं. आई बादलीतून चिंध्या पिळून देत होती. तीन रविवार लागले. पुढच्या सोमवारी प्रतिभा गाडीत बसली. तिचा हात सवयीनं दाराकडे गेला, कोपर उंच पत्र्यावर आपटलं, आणि तिनं ते उचलून मांडीवर ठेवलं. मांडीवर ठेवलेल्या कोपराचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं असं त्याला दिसलं. दिसलं, आणि त्यानं गिअर टाकला. मग टप, कारण ऊन आणि धूळ आणि आईचा खोकला. मग सीट. पेट्रोलची टाकी मागून काढून खाली आडवी बसवली, स्टेपनी बाजूच्या मडगार्डवर बांधली, आणि मागं पाय सोडून बसायला जागा झाली. त्याच्या सीटची पाठ आणि आईच्या सीटची पाठ यांच्यामध्ये एकच पत्रा. आई बसली, दोन्ही पाट्या पायांशी ठेवल्या, मागं सरकत चाललेल्या कॉलनीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हां. आता कसं."

"भारतचा टांगा," गोटीराम म्हणायचा. त्याच्या शिफ्टमधला फिटर. "अरे, घोडा पुढं जोडायचा का मागं ते तरी ठरव!" कॉलनीतली मुलं गाडी दिसली की जिभेनं टापांचा आवाज काढायची. कुसाबाईला त्याचं काही नव्हतं. ती त्यांना हात दाखवायची. ती मागं तोंड करून होती, त्यामुळे मुलं तिला बराच वेळ दिसत राहायची. दर मंगळवारी तो तिला मखमलाबादला नेई, भावाच्या वाट्याच्या मळ्यातून ती पाट्या भरून आणी आणि गरज नसताना कॉलनीत दारोदार मेथी विके. वाटभर तिचं बोलणं चाललेलं. फक्त सगळं गेल्यावर. "आत्ता गेला तो धोंडीराम व्हता. म्हातारा झाला रे." "ती बघ चिंच, तोडली मेल्यांनी." त्याला समोर रस्ता दिसायचा आणि त्या रस्त्यावर काय होतं ते मागून, आईच्या आवाजात, चार क्षणांनी कळायचं. थांबायचं असलं की ती बोटाच्या पेरानं पत्र्यावर ठोके देई, एसटीच्या कंडक्टरसारखी. एक ठोका, थांब. दोन, चल. तो ठोका कानाला यायच्या आधी पाठीच्या कण्यात जाणवायचा.

प्रतिभा शेजारी बसायची. टपाखाली, उंच दाराआड, हात मांडीवर. एकदा म्हणाली, "मागं बघत कुणी प्रवास करतं का?" एकदा, हे १९९५ असेल, शाळेच्या फाटकाशी उतरताना, "मी शेजारी असते हो. पण तुमचा कान सगळा मागं असतो." त्यावर त्यानं काय म्हटलं ते त्याला आठवत नाही. काही म्हटलं नसेल. आणि मागून दोन ठोके आले असतील. १९९६ च्या जूनमध्ये तिची बदली सटाण्याला झाली. बदली रद्द करता आली असती, लोक करत होते, एक अर्ज आणि दोन खेपा. "अर्ज करतेस का?" त्यानं विचारलं. ती भाजी निवडत होती. "तुम्ही म्हणाल तसं," म्हणाली. त्यानं 'कर' म्हटलं नाही. ती करेल असं त्याला वाटलं, तो म्हणेल असं तिला वाटलं असेल, आणि मधल्या पंधरा दिवसांत अर्जाची तारीख गेली. आधी ती दर शनिवारी यायची. मग महिन्यानं. मग दिवाळीला. भांडण झालंच नाही. झालं असतं तर मिटवता आलं असतं. ९९ मध्ये आई गेली तेव्हा ती आली, तेरा दिवस राहिली, सगळं तिनं केलं, लेकीनं करायचं असतं तेसुद्धा, आणि चौदाव्या दिवशी तो तिला सीबीएसच्या एसटी स्टँडवर सोडायला गाडीनं निघाला. मागची सीट रिकामी. सगळी वाट कुणी काही बोललं नाही, गेलेल्या झाडांविषयीही नाही. उतरताना तिनं वळून त्या सीटकडे पाहिलं आणि विचारलं, "आता ही काढाल?" त्याला हो म्हणता आलं नाही. नाहीही म्हणता आलं नाही. सटाण्याची गाडी लागली होती.

त्यानंतर चार-पाच महिने तो एकट्यानं ती चालवत होता. बिटको पॉइंटला सिग्नल हिरवा व्हायचा आणि तो थांबून राहायचा. दोन ठोक्यांची वाट बघत. मागून हॉर्न, शिव्या, "ओ काका, झोपले का?" २००० मध्ये त्यानं गाडी विकली, आहे तशी. २००२ मध्ये क्वार्टर सोडलं, एकट्याला तीन खोल्या काय करायच्या.

"काका, आवड आहे वाटतं गाड्यांची?"

पस्तिशीचा, पांढऱ्या शर्टाचा, छातीवर बिल्ला लावलेला. बिल्ल्यावर योगेश. स्टेजवरची गाडी याची. अंबडला याचा कारखाना आहे, हे पेपरात होतं.

"वेल्डर आहे मी," भारत म्हणाला. "एकलहऱ्याला."

"अरे वा! मग तुम्ही हे बघाच." योगेशनं दाराचा एक पत्रा चादरीवरून उचलून उलटा केला आणि आतल्या कडेवर नख फिरवलं. "हा जोड बघा. सगळीकडे सारखा, कुठं भोक नाही, कुठं थेंब नाही. आणि आतलं लाकूड, तुम्हाला खरं वाटणार नाही, तसूभर जळलेलं नव्हतं. आमचा मिस्त्री म्हणाला, साहेब, हे कसं केलं मला सांगता येणार नाही. ज्यानं केलं त्याला नजर नव्हती, पण हात होता."

"ओली चिंधी," भारत म्हणाला.

"काय?"

"चिंधी लावत असतील. ओली."

"असेल." योगेशनं पत्रा खाली ठेवला. "मला नेहमी वाटतं, एवढा हात असलेला माणूस एवढं वाईट का करेल? काळा रंग, पत्रे, ही उलटी सीट. गाडीचं थोबाड बदललं हो. पैसेवाल्याची हौस असणार. वेल्डर बिचारा काय करणार, सांगितलं तसं."

"हो," भारत म्हणाला. "सांगितलं तसं." मग, "हे आता कुठं जाणार?"

"उद्या भंगारवाला येतो. ठेवून करायचं काय? काल पण एका बाईंनी हेच विचारलं." कुणीतरी हाक मारली म्हणून योगेश वळला. जाता जाता म्हणाला, "काका, अभिप्राय लिहा बरं का! तिथं वही आहे."

अभिप्राय. फाटकाजवळच्या स्टुलावर लांब वही, पेन सुतळीनं स्टुलाच्या पायाला बांधलेलं. नाव, पत्ता, अभिप्राय, तारीख, असे चार रकाने हातानं आखलेले. आजचं पान जवळजवळ भरलं होतं. खूप छान, असेच उपक्रम राबवावेत. हिरवी गाडी एक नंबर, काळा फोटो बघून रडू आले. पार्किंगची सोय हवी. आमच्या आजोबांकडे अशीच होती पण मोठी. जुने ते सोने. वडा गार होता. भारतनं पेन हातात घेतलं. काय लिहायचं ते ठरलं होतं, म्हणजे वहीपर्यंत येता येता ठरलं होतं. कार्ड चुकलं आहे एवढंच, नाव न देता. पण नावाचा रकाना पहिला होता. त्यानं पेन खाली ठेवलं. लोक मागं थांबले नव्हते. मग करायला काही नाही म्हणून त्यानं पान मागं उलटलं, कालचं, शनिवारचं. पान अर्धं भरलं होतं आणि खाली मोकळं होतं, आज नव्या पानावर सुरुवात केलेली. शनिवारची शेवटची ओळ वाचायच्या आधी त्याला अक्षर दिसलं. गोल, सुटं, प्रत्येक काना सरळ उभा, चौथीच्या मुलांना फळ्यावर दिसावं असं.

'गाडी फार सुंदर दिसते. काच अशीच आडवी पाडलेली असताना मी तिच्यात एकदा बसले आहे. मागची सीट चित्रीकरणासाठी नव्हती. माझ्या सासूबाई कुसाबाई तिच्यावर बसत. पुढे पाहून त्यांना मळमळत असे. कार्ड दुरुस्त करावे.'

नावाच्या रकान्यात, सौ. प्रतिभा भारत विधाते.

त्यानं पुन्हा वाचलं. लॉनवर माइकवरून कुणीतरी एमएच पंधरा नंबरची मारुती काढायला सांगत होतं. काल ती इथं होती. सटाण्याहून सकाळच्या गाडीनं आली असणार, सीबीएसवर उतरून रिक्षा केली असणार, टेबलापाशी उभी राहिली असणार, पोरं हसली असणार तेव्हाही. त्या वेळी तो बॉयलरच्या नळीपाशी पालथा होता. त्याला कळवलं नव्हतं. का कळवेल. आणि हे लिहून ती गेली, कार्ड तसंच राहिलं, कारण अभिप्रायाची वही कुणी वाचत नाही. सगळे लिहितात आणि कुणी वाचत नाही, हे तिला माहीत नसेल असं नाही. ती मास्तरीण. तरी तिनं सासूचं नाव घातलं होतं. मळमळत असे, लिहिलं होतं. त्याला वाटलं होतं, तिला ते कारण कधी पटलं नव्हतं.

तो टेबलाकडे गेला, सीटसमोरचं कार्ड उचललं आणि वहीपाशी घेऊन आला, कारण पेनची सुतळी तिथवर पुरत नव्हती. स्टुलावर कार्ड ठेवून त्यानं 'बहुधा'पासून शेवटपर्यंत एक रेघ मारली. खाली लिहिलं, 'कुसाबाई बसत.' अक्षर त्याचं वाईट होतं, आधीपासूनच.

"अहो काका! काय करताय?" योगेश धावतच आला. "छापलेलं आहे ते."

"चुकलं होतं."

"तुम्हाला काय माहीत?"

भारतनं त्याच्याकडे पाहिलं. मागं स्टेजवर दोन मुली दाराच्या त्या खोलगट जागेवर हात ठेवून फोटो काढून घेत होत्या.

"जोड माझा आहे," तो म्हणाला. "वरात नव्हती. आई होती माझी. सांगितलं कुणी नव्हतं, मीच केलं."

योगेश कार्ड हातात घेऊन उभा राहिला. त्यानं ते वाचलं, मग टेबलाकडे पाहिलं, मग भारतच्या हातांकडे. "काका, मी मघाशी जे..."

"बरोबर बोललात तुम्ही. गाडी अशीच चांगली दिसते." आणि मग, "ती सीट देऊ नका उद्या. मी टेम्पो घेऊन येतो."

"हो. हो, न्या ना." योगेश जायला वळला, पुन्हा फिरला. "त्या कालच्या बाई..."

पण भारत वहीवर वाकला होता. योगेशनं जाऊन कार्ड सीटसमोर उभं करून ठेवलं.

कालचं पान उघडंच होतं. तिच्या ओळीखालची ओळ रिकामी. भारतनं पेन घेतलं आणि तेव्हा त्याचं लक्ष पत्त्याच्या रकान्याकडे गेलं, जो त्यानं मघाशी वाचलाच नव्हता. सटाण्याच्या पत्त्याची त्याला खात्री होती. तिथं लिहिलं होतं, बी-४७, एकलहरे कॉलनी, नाशिक. त्या क्वार्टरमध्ये ती दहा वर्षं राहत नव्हती. तोही चार वर्षं राहत नव्हता. तिथं आता कोण होतं तेही त्याला माहीत नव्हतं. घाईत चुकून काही लिहिणाऱ्यांतली ती नव्हती. तो त्या चार शब्दांकडे बघत राहिला. मागं दोघं-तिघं येऊन थांबले, एकानं घसा साफ केला.

नावाच्या रकान्यात त्यानं नाव लिहिलं. भारत विधाते. पत्त्याच्या रकान्यात लिहिलं, वरीलप्रमाणे. अभिप्रायाच्या रकान्यात, वरीलप्रमाणे. तारखेपाशी हात थांबला. आज बावीस होती, रविवार. तिच्या ओळीत एकवीस होती. पेनाचं टोक कागदावर टेकलेलं राहिलं आणि तिथं शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. मग तिथंही त्यानं तेच लिहिलं.